पायांच्या तीन प्रती

३ मार्च

माझ्या हातांनी केलेल्या गोष्टी, एकदा लिहूनच ठेवतो. पाय मोजायची खुंट्यांची पेटी – पाऊल आत ठेवायचं, चहूबाजूंनी बारीक खुंट्या येऊन कातडीला टेकतात आणि पावलाचा आकार कॉम्प्युटरात उतरतो. त्या आकारावरून लाकडी पाऊल कोरणारं मशीन – मोटार जुन्या वॉशिंग मशीनची, बाकी सगळं मी. दोघांना चालवणारा प्रोग्रॅम – रद्दीत मिळालेल्या पुस्तकावरून शिकलो. पुस्तकाची शेवटची पानं फाटलेली होती, ती मनानं भरली. वर्कशॉपमधलं प्रत्येक टेबल. जिन्याचा कठडा. आणि हिचा पहिला बूट, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं. हिचा उजवा पाय दीड बोट आखूड. लग्नानंतर पाहिलं तर ही बाजारातल्या बुटाला खालून रबराचा तुकडा चिकटवून चालत होती. म्हटलं, हे काय ध्यान! तेव्हा मी पंपाच्या कारखान्यात होतो. चपलेचा अंगठासुद्धा शिवता येत नव्हता.

शिकवलं कुणी? कुणीही नाही.

हे आज लिहायचं कारण – जावईबापू जेवायला आले होते. घास तोंडात असतानाच म्हणाले, "बाबा, तुमचा सगळा धंदा त्या एका डबड्यात आहे, आणि ते खरखरतंय. बॅकअप आहे ना?"

डबडं! या गृहस्थांना स्वतःच्या सायकलची उतरलेली चेन चढवता येत नाही. गेल्या महिन्यात सायकल हातात धरून घरी आले – खांद्यावर घ्यायची तेवढी बाकी होती.

पण डिस्क खरखरते आहे हे खरं. मला ते आधीच ऐकू येत होतं. त्याला ऐकू आलं याचाच राग आला.

५ मार्च

जावईबापूंचा फोन. "क्लाउडवर टाका बाबा, विषय संपला."

विचारलं, कुठं असतं ते?

"असं एका जागी नसतं."

मालक कोण?

"कंपनी."

कुलूप कुणाचं?

"पासवर्ड असतो ना!"

म्हणजे जागा माहीत नाही, मालक बघितलेला नाही, किल्लीची नक्कल कुणाकुणाकडे आहे ते देव जाणे – आणि तिथं मी अकराशे बावन्न माणसांचे पाय नेऊन ठेवायचे. ही माणसं पोटच्या मुलांसमोर मोजे काढत नाहीत. माझ्यासमोर काढतात. एक गिऱ्हाईक, शाळेतल्या बाई, पहिल्या दिवशी मोजा काढायला अर्धा तास लावत होत्या, आणि मी तेवढा वेळ उगाच खिळे निवडत बसलो होतो.

आपली चीजवस्तू परक्याच्या घरात ठेवायची आणि वर भाडंही आपणच भरायचं. याला हे लोक सोय म्हणतात!

ही म्हणाली, "पैसे नाही का ठेवत बँकेत?"

पैशाला डावं-उजवं नसतं.

७ मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो होतो. काच, दिवे, थंडगार हवा आणि डोकं रिकामं.

बाहेरून जोडायच्या डिस्का दाखवा म्हटलं. दुकानदार म्हणतो, "काका, ही घ्या. लाल रंगातपण येते."

मी विचारलं, हिच्यात तबकडी फिरते की नुसत्या चिपा आहेत?

"काका, आत डेटा असतो."

याच्या दुकानावर पाटी आहे – 'तज्ज्ञांचा सल्ला मिळेल.'

मग पेन ड्राइव्ह काढला. अंगठ्याएवढा. मी म्हटलं, मी अंगठ्यांची मापं घेतो, मापं अंगठ्यात ठेवत नाही. त्याला कळलं नाही. हसला मात्र.

घरी येऊन माझ्या जुन्या सीडी काढल्या. कधीकाळी हौसेनं भरून ठेवलेल्या. एकेक लावून पाहिली. बहुतेक उघडतच नाहीत. एकीवर बुरशीसारखा डाग – प्लॅस्टिकवर बुरशी! 'शंभर वर्षं टिकणार' असं वेष्टनावर छापलेलं अजून स्वच्छ वाचता येतं. वेष्टन टिकलं.

१० मार्च

ठरलं. डिस्कांची पेटी मीच बांधणार.

१४ मार्च

आज खोलीवरून झालं. वर्कशॉपच्या मागची खिडकीची खोली लाकडी पावलांनी भरलेली आहे. प्रत्येक माणसाची जोडी, दोरीनं बांधलेली, वर क्रमांक. फळ्या छतापर्यंत गेल्यात. दार उघडलं की समोर जमाव उभा असल्यासारखं वाटतं – फक्त घोट्याच्या वर कुणी नाही.

आमच्या बुटांचं वरचं कातडं ही शिवते. इतकी वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या टोकाला बसून. आता तिला खिडकी हवी. डोळ्यांना उजेड पुरत नाही म्हणाली.

मी म्हटलं, आणि हे सगळं कुठं ठेवू?

"एकीकडे म्हणता सगळं कॉम्प्युटरात आहे. मग हे पाय काय रात्री फिरायला जातात म्हणून ठेवलेत?"

मी एका जोडीची सुटलेली दोरी बांधत बसलो. पण खरं सांगायचं तर तिचं बरोबरच आहे. आकार जपला तर लाकूड काय, मशीन दोन तासांत पुन्हा कोरून देईल. आधी बॅकअप पक्का होऊ दे, मग लाकूड हलवतो – शब्द दिला.

१९ मार्च

पेटी झाली! ॲल्युमिनियमची, कोपरे घासून गोल केलेले, हवा खेळायला खाली जाळी. आत तीन नव्या डिस्का. दुकानदाराकडून घेतल्या, त्याचा सल्ला घेतला नाही. नक्कल करणारा प्रोग्रॅमही माझाच. बाजारातले तयार दोन पाहिले – पहिल्याच पडद्यावर अभिनंदन करतात. अजून काही केलं नाही तर अभिनंदन कसलं?

रचनाही सुधारली. जुन्या कॉम्प्युटरात दोन फोल्डर होते – 'डावे' आणि 'उजवे'. दोन्हींत फायलींना माणसाचा क्रमांक. ते सुरुवातीच्या दिवसांतलं काम, नवशिक्याचं. नव्या पेटीत एकच फोल्डर, एकच सरळ रांग, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. बघायलाही सुंदर.

नक्कल चालू केली तर दर फायलीला विचारायला लागलं – 'या नावाची फाइल आधीच आहे. बदलू का?' काल चाचणी म्हणून डावे पाय टाकून बघितले होते, तेच तिथं पडलेले. हो, हो, हो करून बोट दुखायला लागलं. शेवटी प्रोग्रॅममधून ते विचारणंच काढून टाकलं. मशीननं सांगितलेलं काम करावं. चौकशा करू नयेत.

मग कसं लोण्यासारखं चाललं.

२१ मार्च

तिन्ही प्रती एकमेकींशी ताडून पाहिल्या. तंतोतंत! एका अक्षराचा फरक नाही.

शिवाय जागा पूर्वीच्या निम्मीच लागली. माझ्या रचनेचा फायदा. हे जावयाला सांगायला हवं – त्याच्या क्लाउडवाल्यांना जमेल का?

एक फाइल उघडून पाहिली. पहिलीच – हिचा पाय. पडद्यावर गोल फिरवला. आखूड टाच, उंच कमान, करंगळी थोडी आत दबलेली. सगळं जिथल्या तिथं. हिला हाक मारून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. आता खोली?"

जुनी खरखरती डिस्क काढली आणि ड्रिलनं तिला आरपार भोकं पाडली. लोक जुनी डिस्क नुसती कचऱ्यात टाकतात, आणि मग कुणाच्या तरी हाती लागते. माझ्याकडच्या माणसाचा पाय कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या हाती लागणार नाही.

इतका नीटनेटका बॅकअप या शहरात दुसऱ्या कुणाकडे असेल असं मला वाटत नाही.

२४ मार्च

एक टायवाला आला होता. मोठ्या बूट कंपनीचा. बूट त्याच्या पायातही होते – डावी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली, चालताना घोटा कलतो. त्याला माहीत नाही. कंपनीलाही माहीत नसणार.

त्यांना माझे सगळे पाय हवेत! "सर, ही तर पायांची लायब्ररी आहे. एवढे अडचणीचे पाय एका जागी जगात मिळत नाहीत." अडचणीचे! पुढं म्हणतो, "यावरून आम्ही सगळ्यांना बसेल असा बूट काढणार."

मी म्हटलं, मग एकच काढा आणि पाळीपाळीनं घाला.

कागदाच्या चिठ्ठीवर आकडा लिहून माझ्याकडे सरकवला. दुकानात बोलायला तोंड असताना चिठ्ठी कशाला? मी उघडली नाही. माझी टेबलं डुगडुगत नाहीत, नाहीतर एखाद्या पायाखाली सारली असती. तशीच परत दिली. म्हणाला, "विचार करा, पुन्हा येईन." म्हटलं, याल तेव्हा टाच बदलून या.

२६ मार्च

खोली रिकामी झाली. नव्या कॉफीच्या दुकानाचा दाढीवाला मालक टेम्पो घेऊन आला आणि सगळी लाकडी पावलं घेऊन गेला. भिंतीवर टांगणार म्हणे. "काका, याला एक गोष्ट आहे!" कसली गोष्ट ते त्याला सांगता येईना. लाकूड हातात धरून वास घेत होता. मी एकेक पाऊल कानशीनं घासून घासून आणलं, आणि हा त्याच्याखाली कॉफी विकणार. पण हिला खोली हवी होती, आणि चुलीत घालण्यापेक्षा भिंत बरी.

ही संध्याकाळी खिडकीपाशी मशीन ठेवून बसली. पाय हलवत शिवत होती. तिचा बूट पेडलवर बरोबर बसतो. मीच केलाय.

२ एप्रिल

शाळेतल्या बाई आल्या. रिक्षातून उतरायलाच वेळ लागला. डाव्या तळव्याला जखम झाली आहे. त्यांच्या पायाला संवेदना नाही, शाळेत वाळूचा खडा बुटात गेला तो दिवसभर टोचत राहिला आणि त्यांना कळलंच नाही. आता पट्टी. डॉक्टर म्हणतात, चालायचं तर मास्तरांच्याच बुटात, आणि पट्टीपुरती आत खळगी ठेवून. साधा बूट घातला तर जखम चिघळेल, आणि मग पाय राहील की नाही सांगता येत नाही.

(त्या मला मास्तर म्हणतात, मी त्यांना बाई म्हणतो. शाळा कोण कुठं शिकलंय ते आम्हा दोघांनाच माहीत.)

शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायला दोन आठवडे. वर्गावर उभ्या राहू शकल्या नाहीत तर त्यांना ऑफिसात बसवणार. "मी मुलांना ओरडल्याशिवाय जगू शकत नाही, मास्तर. फायलींना ओरडून काय मजा?"

मग म्हणाल्या, "पेटीत पाय घालायचा नाही म्हणालेत डॉक्टर. हातही लावायचा नाही. पण तुमच्याकडे आहे ना माझा पाय?"

मी म्हटलं, "आहे म्हणजे? तीन आहेत!"

आतमध्ये जाऊन फाइल उघडली. उजवा.

रांगेत पुढं पाहिलं. मागं पाहिलं. दुसरी डिस्क. तिसरी डिस्क.

बाहेर येऊन बाईंना म्हणालो, उद्या कळवतो.

३ एप्रिल

डावे नाहीत. एकही नाही.

४ एप्रिल

काय झालं ते लिहितो, कारण दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चारचौघांत हसलो असतो.

डाव्या पायाच्या फायलीचं नाव माणसाचा क्रमांक. उजव्याचंही तेच. दोन फोल्डर होते तोवर ठीक. मी दोघांना एका फोल्डरात आणलं. आधी डावे गेले. मग त्याच नावांचे उजवे आले आणि डाव्यांच्या जागी बसले. मशीन विचारत होतं – बदलू का? ते बरोबर विचारत होतं. मी त्याचं तोंड बंद केलं.

ताडून पाहिलं, पण प्रतीला प्रतीशीच. तीन खोटे साक्षीदार एकमेकांच्या साक्षीला. जागा निम्मी लागली तेव्हा मी खूश झालो. निम्मीच लागणार! निम्मेच पाय होते.

उघडून बघितला तो एकच पाय. हिचा. उजवा.

अकराशे बावन्न माणसं, सगळी एका पायावर उभी. रेड्यानं केलं असतं तर म्हटलं असतं, जाऊ दे, रेडा आहे.

भोकं पाडलेली डिस्क घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्यानं भोकातून पलीकडे माझ्याकडं पाहिलं. "काका, हे कुणी केलं?"

म्हटलं, शेजाऱ्यानं.

"फार चोख काम केलंय," म्हणाला.

५ एप्रिल

कॉफीच्या दुकानात गेलो. भिंतभर पावलं! एका रेषेत, सगळ्यांची बोटं दाराकडे. काहींना निळा रंग फासलाय. मी शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याच्या डोक्यावरून वाकून एकेक पाहत गेलो. ते जोडपं उठून दुसरीकडं बसलं.

उजवा. उजवा. उजवा.

दाढीवाल्याला विचारलं, डावे?

"काका, जोडी लावली की चपलांचं दुकान वाटतं. एकेक लावला की कला वाटते."

डावे कुठायत?

"मागं ओव्हन आहे ना ब्रेडचा… फार मस्त जळले. तेवढं सुकं लाकूड आजकाल मिळत नाही."

मी खुर्चीवर बसलो. त्याला वाटलं गिऱ्हाईक. त्यानं कॉफी आणली. वर फेसात पाऊल काढलेलं होतं. तेही उजवं.

७ एप्रिल

हिला सांगितलं. ओव्हनचं आधी सांगितलं, मग डिस्कचं. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं हातातलं कातडं बाजूला ठेवलं.

मग म्हणाली, "माझापण गेला?"

डावा गेला, म्हटलं. उजवा आहे.

"म्हणजे धड होता तो गेला, आणि अधू तेवढा राहिला. वा!"

मी म्हटलं, थट्टा करू नकोस, बाईंचा पाय जाईल. लोक काय म्हणतील. इतक्या वर्षांचे पाय गेले.

"पाय कुठं गेलेत?" ती म्हणाली. "पाय लोकांकडंच आहेत. तुमच्याकडं नुसते त्यांचे फोटो होते."

मी म्हटलं, बाईंच्या पायाला हात लावायचा नाही.

"मग बुटाला लावा."

एवढं बोलून पुन्हा शिवायला लागली. माझ्या तोंडावर खटखटखट मशीन.

८ एप्रिल

बुटाला! बूट म्हणजे आतून पायच की. मी घातलेलं माप चामड्याच्या आतल्या अंगावर जसंच्या तसं असतं. प्लॅस्टर ओतायचं, वाळवायचं, बूट चिरून आतला पाय बाहेर काढायचा. तो पेटीत ठेवला की खुंट्या त्याला टेकतील – त्याला काही दुखत नाही.

हे मला सुचायला हवं होतं. पाच दिवस मी डिस्कच्या भोकातून आरपार बघत बसलो होतो.

अडचण एकच – वापरलेला बूट ताणलेला असतो. बाईंचे बूट वर्षभर वर्गात येरझाऱ्या घालून सैल झालेले असणार. दोन गव्हाच्या दाण्यांएवढा फरक पडला तरी त्यांच्या पायाला ते पुरे.

९ एप्रिल

बाईंच्या घरी गेलो. पाय उशीवर. सगळं सांगितलं, उभ्यानंच. शाळेत असताना वर्गाबाहेर उभं करायचे ते आठवलं.

बाई ऐकून म्हणाल्या, "ओळखलं होतं मी. उद्या कळवतो म्हणालात तेव्हाच. एरवी तुम्ही कधी उद्या म्हणत नाही."

मग पलंगाखालून पेटी काढायला सांगितली. त्यात त्यांचे सगळे जुने बूट! एकही टाकलेला नाही. सगळ्यांत खाली कापडात गुंडाळलेला एक कोरा जोड – गेल्या वर्षी मी केलेला, एकदाही न घातलेला. त्यांनी दोन मागितले होते तेव्हा मला वाटलं, हौस.

"हौस कसली? राग मानू नका मास्तर, पण तुम्ही काही अमर नाही. उद्या तुम्हांला काही झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू? म्हणून एक कोरा ठेवून दिला."

तीन डिस्का, ॲल्युमिनियमची पेटी, खाली जाळी! आणि खरा बॅकअप एका म्हाताऱ्या होत चाललेल्या बाईच्या पलंगाखाली, कापडात.

म्हटलं, बाई, यात पट्टी मावणार नाही, मापासाठी हा चिरावा लागेल.

"चिरा," म्हणाल्या. "पण माझ्यासमोर नको."

१० एप्रिल

चिरला. इतकी सरळ शिवण मी पुन्हा घालू शकेन असं वाटत नाही. हिनंच वरची घातली होती. तीही शेजारी उभी होती. "पटकन करा," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आत डावा पाय. पांढरा, पूर्ण, बोटांच्या खाचांसकट.

१६ एप्रिल

बाई उभ्या राहिल्या. भिंतीला न धरता. मग माझ्या वर्कशॉपमध्ये मला म्हणाल्या, "हा पसारा कधी आवरणार?" म्हणजे शाळा उघडायला तयार.

१८ एप्रिल

ही सकाळपासून फोनवर. एकेका गिऱ्हाइकाला. "तुमचा उजवा सुखरूप आहे हो. डावा घेऊन या. हो, पायच. मोजणीचं काही द्यायचं नाही, चूक आमची आहे." 'आमची' म्हणते! मी बाहेरून ऐकत होतो. पलीकडून कुणीतरी हसत होतं. हीसुद्धा हसत होती. इतक्या माणसांना माझा मूर्खपणा एवढ्या आनंदानं कुणी सांगितला नसेल.

येतायत मात्र. पोस्टमन आला, बँकेतला शिपाई आला, आपला जुना बूट बगलेत घेऊन एक आजोबा आले – पाय दाखवायला लाजतात, बूट दाखवायला नाही. काही घरांतून सांगतात, ते गेले. मग ही थोडा वेळ पुढचा नंबर लावत नाही.

या वेगानं वर्ष जाईल. नवे बूट करायला वेळ नाही. ही म्हणते, चालेल. कसं चालेल ते सांगत नाही.

२० एप्रिल

जावईबापू आले. मुलीनं सगळं सांगितलेलं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून इतका प्रयत्न चालला होता की गाल दुखत असतील. शेवटी राहवेना – "म्हणजे बाबा, तुमचा बॅकअप शेवटी लोकांच्या घरातच होता की!"

मी त्याला चहा दिला. साखर घातली नाही.

पण फायलींना आता नावं नीट आहेत, डावा तो डावा. ताडून बघतो ते मूळ मापाशी. मशीनला तोंड परत दिलंय, हवं तेवढं विचारू दे. आणि सगळं एकाच छपराखाली असणं मूर्खपणाचं हे बाईंच्या पलंगाखालच्या पेटीनं शिकवलं. एक डिस्क जावयाकडे ठेवायला दिली. डबा माझा, कुलूप माझं, किल्ली माझ्याकडं. म्हणाला, "क्लाउडच झालं की बाबा, फक्त जड." त्याची सायकलची चेन तेवढी चढवून दिली. पुन्हा उतरवेल.

२७ एप्रिल

टायवाला परत आला. टाच तशीच. या वेळी मीच त्याला तोंड उघडू दिलं नाही. म्हटलं, उगाच दमू नका, डावे पाय जळाले, पुसले गेले, जे काही व्हायचं ते झालं. थोडे परत जमवलेत, पण तुमची लायब्ररी अर्धी आहे. सांगताना बरंही वाटलं – आता तरी हा जाईल.

तो हसला. "डावे कशाला, सर? आम्हांला एकच बाजू लागते. दुसरी कॉम्प्युटरात आरशासारखी उलटवून घेतो. सगळे तेच करतात."

ही खिडकीपाशी शिवत होती. मशीन थांबलं. म्हणाली, "म्हणजे मला दोन्ही आखूड? चला, एकदाची सारखी तरी झाले!"

आज त्यानं चिठ्ठी लिहिली नाही, आकडा तोंडानं सांगितला. आमची तीन वर्षांची कमाई, आणि या वेळी आम्ही दोघांनीही ऐकली.

नाही म्हणालो. हिनं मशीन पुन्हा चालू केलं.

नुसत्या उजव्या पायांचे देत होता – बावीस लाख.